लाखभर लोकांची घाई

13 सप्टेंबर 2025 रोजी ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाचा फुटबॉल संघ एल पासोच्या संघाशी खेळत होता, आणि जिंकत होता. शेवटी 27-10 असा जिंकलाही. तरीसुद्धा लाखभर माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममधून हुर्यो उठली, आणि ती पाहुण्यांसाठी नव्हती. घरच्याच संघाच्या 21 वर्षांच्या क्वार्टरबॅकसाठी होती. आर्च मॅनिंगचे ओळीने दहा पास वाया गेले होते. मोसमातला हा तिसरा सामना.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत एक मत इतकं सर्वमान्य झालं की ते खरं आहे का, हे विचारायची सोयच उरली नाही. ते मत असं. पोरगा आडनावावर मोठा झाला. दोन वर्षं बाकावर बसून शिकला, आता आणखी किती शिकणार? लाखो डॉलर घेतो, म्हणजे तो विद्यार्थी नव्हे, नोकरदार. त्याने काम दाखवावं, नाहीतर जागा खाली करावी. अस्सल गुण पहिल्याच दिवशी दिसतात, दिसले नाहीत म्हणजे नाहीतच. संयम वगैरे जुन्या काळच्या गोष्टी. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडलं की दुसरा मिळतो. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, आम्ही हुर्यो उडवतो ती आमच्या अपेक्षा उंच आहेत म्हणून.

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनमधली आपली मराठी मंडळीही यात मागे नाहीत. शनिवारी विटकरी नारिंगी टी-शर्ट चढवून, हातात पोह्यांची बशी घेऊन, ज्यांना कालपरवापर्यंत फर्स्ट डाउन कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, ते आज ‘याचं फुटवर्कच गंडलंय’ असा निकाल देऊन मोकळे होतात. खेळ आपलासा केला याचा आनंदच आहे. पण खेळाबरोबर त्यातला सगळ्यात स्वस्त दुर्गुणही उचलायलाच हवा होता का?

आडनावापासूनच सुरुवात करू. ‘मॅनिंग असून असा खेळतो?’ कोणता मॅनिंग म्हणता तुम्ही? आर्चचा थोरला काका पेटन 1998 मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला, तेव्हा त्याने पहिल्याच मोसमात 28 इंटरसेप्शन दिली, म्हणजे 28 पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती घातले. नवोदिताच्या नावावरचा तो विक्रम त्याच्याकडेच राहिला. संघाने तीन सामने जिंकले, तेरा हरले. धाकटा काका ईलाय 2004 मध्ये पहिल्यांदा सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यातला एक जिंकला. पुढे दोघांनीही दोन-दोन सुपर बोल घरी नेले. आजोबा आर्ची न्यू ऑर्लिन्ससाठी वर्षानुवर्षं अंग ठेचून घेत खेळले आणि त्यांच्या काळात संघाचा एकही मोसम हारजितीच्या हिशेबात वर राहिला नाही. या घराण्याचा काही वारसा असेलच, तर तो सुरुवातीला बदडून घेण्याचा आहे. त्या हिशेबाने आर्च अगदी घराण्याला शोभेल असाच खेळत होता.

आणि हे अपेक्षांचं कर्ज काढलं कोणी? 2025 चा मोसम सुरू झाला तेव्हा आर्चने कॉलेजच्या दोन वर्षांत मिळून 95 पास फेकले होते आणि दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. एवढ्या भांडवलावर पत्रकारांनी टेक्सासला मोसमपूर्व यादीत पहिला क्रमांक दिला, जो या विद्यापीठाला त्याआधी कधीच मिळाला नव्हता. सट्टेवाल्यांनी हाइझमनच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकाच्या, शर्यतीत त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवलं. वाहिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर उन्हाळा काढला. कर्ज यांनी काढलं, मौज यांनी केली आणि वसुलीला मात्र सगळे त्या पोराच्या दारात. वर्षभर आधी, 2024 मध्ये, क्विन युअर्सचा एखादा पास चुकला की याच लोकांना आर्च हवा असायचा. युअर्स म्हणजे ज्याने संघाला लागोपाठ दोन वर्षं प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नेलं तो. तोही यांना पुरला नव्हता. आता आर्च पुरेना. यांना पुरेल असा माणूस एकच असतो, तो म्हणजे बाकावर बसलेला. त्याने अजून एकही पास चुकवलेला नसतो.

‘पण दोन वर्षं बसून शिकला ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने क्वार्टरबॅकचं काम नेमकं काय असतं, ते एकदा नीट पाहावं. चेंडू हातात आल्यावर त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात चार-पाच सहकारी वेगवेगळ्या वाटांनी पळत असतात आणि समोरचे अकरा जण आपण काय करणार आहोत ते लपवत असतात. चेंडू सुटण्यापूर्वी मागे दोन रक्षक उभे दिसतात. सुटताक्षणी त्यातला एक पुढे धावतो, आणि मघाशी मोकळी दिसलेली जागा आता सापळा झालेली असते. हे चित्र वाचायचं, मनातला बेत बदलायचा, पाय जागेवर आणायचे आणि जिथे अजून कोणीच पोहोचलेलं नाही अशा जागी चेंडू फेकायचा. हे सगळं सव्वाशे-दीडशे किलोची माणसं आपल्या अंगावर येत असताना.

आता हे बाकावर बसून कसं शिकायचं? आठवड्याच्या सरावातला मोठा वाटा पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला मिळतो, दुसऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मोसमात सराव किती, तर नियमाने आठवड्याला वीस तास. आणि सरावात क्वार्टरबॅकच्या अंगात वेगळ्या रंगाची जर्सी असते. तिचा अर्थ सरळ आहे, याला कोणी धक्का लावायचा नाही. म्हणजे दोन वर्षं आर्च जे शिकला, ते धक्का न लागता शिकण्यासारखं होतं तेवढंच. बाकीचं शनिवारी, लोकांसमोर, चुकूनच शिकावं लागतं. त्याला दुसरी शाळा नाही.

त्याचा मोसमातला पहिला पेपरही पाहा. 30 ऑगस्टला कोलंबसला, गतविजेत्या ओहायो स्टेटच्या मैदानावर, आणि समोरच्या बचावाची सूत्रं मॅट पॅट्रिशियाकडे, ज्याने न्यू इंग्लंड पेट्रियट्ससोबत सुपर बोल जिंकले आहेत. आर्चने 30 पैकी 17 पास पूर्ण केले, 170 यार्ड मिळवले, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. टेक्सास 14-7 ने हरलं. वाईट खेळला? हो, वाईट खेळला. पण वाईट खेळणं हा गुन्हा नाही. त्याच्यापुढे ढाल धरून उभ्या राहणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पाचांपैकी चार जण आदल्या वर्षीचे नव्हते. केल्विन बँक्स व्यावसायिक निवडीत नवव्या क्रमांकावर गेला होता. मॅथ्यू गोल्डन, गनर हेल्म असे चेंडू झेलणारे खंदे गडीही गेले होते. 4 ऑक्टोबरला फ्लोरिडाविरुद्ध गेन्सव्हिलमध्ये आर्चला सहा वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवलं गेलं, आणि सामना 29-21 ने गेला. त्या रात्री किती जणांनी डाव्या टॅकलचं, म्हणजे त्या लाइनच्या डाव्या टोकाच्या गड्याचं, नाव घेतलं? किती जणांना ते ठाऊक तरी होतं? टीव्हीवर चेंडूचा मालक दिसतो, म्हणून दोषाचा मालकही तोच ठरतो.

आता पैसा. ही त्यांच्या भात्यातली सर्वांत लाडकी बाब, कारण तिला न्यायाचा वास येतो. 2021 च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि 2025 च्या जुलैपासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून एका विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. म्हणून युक्तिवाद असा की, पैसे घेतोस ना, मग शिकणं संपलं.

हे कोणत्या धंद्यात खरं आहे? हे वाक्य टेक्सासमधल्या मराठी घरातून ऐकू येतं तेव्हा मला विशेष गंमत वाटते. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीत नोकरीला लागून, सहा-सहा महिने ‘बेंच’वर बसून, हातात काही काम नसताना बिनतक्रार पगार घेतलेल्यांची ही पिढी आहे. पहिल्या प्रोजेक्टवर यांनी केलेल्या घोळांना क्लायंटने एक लाख माणसांसमोर हुर्यो उडवली असती तर? पगार मिळतो म्हणून काम येतं, असं या मंडळींनी स्वतःच्या बाबतीत एक दिवसही मानलेलं नाही. पैशाने माणसाला कोणत्या गोष्टी मिळतात ते सांगता येईल, पण त्यात बचावाचं वाचन येत नाही.

शिवाय त्याला पैसे देतं कोण? ऊबर देतं, रेड बुल देतं. त्यांनी तक्रार केल्याचं काही कानावर नाही. आणि हुर्यो पगाराच्या प्रमाणातच उडवायची असेल, तर मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह सार्किझियन यांना वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त मिळतात. संघ निवडणं, लाइन उभी करणं, डाव रचणं ही सगळी त्यांची कामं. दरपत्रक लावायचंच तर पूर्ण लावा ना. पण पन्नाशीच्या माणसाला हुर्यो उडवण्यात ती मजा नाही. पोराचा चेहरा पडतो, तो कॅमेऱ्यात दिसतो, तेव्हा बरं वाटतं.

‘अस्सल गुण पहिल्याच दिवशी दिसतात’ याच्या पुष्ट्यर्थ तीन नावं ठरलेली आहेत. जॉनी मॅन्झिएलने 2012 मध्ये आणि जेमिस विन्स्टनने 2013 मध्ये पदार्पणाच्याच मोसमात हाइझमन मिळवलं. खरं आहे. फक्त दोघेही त्याआधी पूर्ण एक वर्ष न खेळता संघात राहिले होते, हे सांगायचं राहून जातं. तिसरा ट्रेव्हर लॉरेन्स, 2018 चा, खरोखरच थेट शाळेतून आलेला आणि विजेता ठरलेला. त्याच्या संघाच्या बचावफळीतले तिघे पुढच्या एप्रिलमध्ये व्यावसायिक निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले गेले. अशी बचावफळी सोबतीला असताना खेळणं आणि आर्चसारखं मोडक्या कुंपणामागे खेळणं यांत काही फरक नाही म्हणता?

आणि मग जो बरोचं काय करायचं? ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं काढून त्याला जागा मिळाली नाही, म्हणून तो लुइझियाना स्टेटला गेला. 2018 मध्ये तिथे वर्षभर खेळून 16 टचडाउन पास, शंभरातले साधारण 58 पास पूर्ण. ‘ठीक आहे, चालेल’ या पंक्तीतला खेळाडू. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर 60 टचडाउन पास, शंभरात 76 पूर्ण, पंधरापैकी पंधरा सामने जिंकून विजेतेपद आणि हाइझमन. दोन मोसमांमधल्या आठ महिन्यांत त्याला नवा हात फुटला नव्हता. पहिल्या दिवसाच्या सिद्धान्तानुसार हा माणूस 2018 मध्येच निकालात निघायला हवा होता.

इथे विरोधी पक्ष हुकमाचा पत्ता टाकतो, आणि तो खरोखर वजनदार आहे. 8 जानेवारी 2018, अटलांटा, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. अलाबामा मध्यंतराला जॉर्जियाविरुद्ध 0-13 ने मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी 19 वर्षांच्या क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवलं, ज्याने तोवर 27 पैकी 25 सामने जिंकून दिले होते, आणि टुआ टॅगोव्हायलोआला उतरवलं. जादा वेळेत टुआने 41 यार्डांचा पास डेव्होन्टा स्मिथला दिला आणि अलाबामा 26-23 ने जिंकलं. पाहा, म्हणतात, संयम ठेवला असता तर हरले असते.

ही रात्र जरा सावकाश पाहू या, कारण ती यांच्या बाजूने साक्ष देत नाही. पहिली गोष्ट, बदल प्रशिक्षकाने केला, अंगावर ओरडणाऱ्या गर्दीने नव्हे. सेबन रोज सराव पाहत होते, टुआ काय करू शकतो हे त्यांना माहीत होतं. बदलाचा हक्क प्रशिक्षकाला नाही, असं कोणी म्हटलंय? दुसरी गोष्ट, हा टुआ आकाशातून पडला नव्हता. पूर्ण मोसम त्याला मागे ठेवून, जिंकलेल्या सामन्यांच्या शेपटाला थोडं थोडं खेळवून तयार केलं होतं. त्या रात्रीची घाई आधीच्या पाच महिन्यांच्या संयमावर उभी होती. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. उतरल्यावर टुआने एक इंटरसेप्शन दिलं. आणि जादा वेळेत, त्या अमर पासच्या अगदी आधीच्या खेळीत, चेंडू हातात धरून ठेवल्यामुळे 16 यार्ड मागे लोळला. दुसरी डाउन, 26 यार्ड बाकी. हुर्योवाल्यांच्या नियमाने त्याला त्या क्षणी बाहेर काढायला हवं होतं. मग 41 यार्डांचा पास कोणी फेकला असता?

आणि हर्ट्स? तो पळून गेला नाही. त्याच वर्षी 1 डिसेंबरला, त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध, जायबंदी टुआच्या जागी उतरून त्याने मागे पडलेला सामना 35-28 असा जिंकून दिला. पुढे ओक्लाहोमातून खेळून हाइझमनच्या मतदानात दुसरा आला. फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला 40-22 असं हरवलं, त्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू हाच. ‘याला पास करता येत नाही’ म्हणून ज्याला त्याच्या सात वर्षं आधी मोडीत काढलं गेलं होतं, तोच.

राहिलं पोर्टल. 2018 मध्ये ते सुरू झालं, 2021 पासून एक वर्ष न खेळता बसण्याची अटही पहिल्या बदलीपुरती गेली, आणि तेव्हापासून चाहत्यांना वाटतं की क्वार्टरबॅक हा दुकानातून बदलून आणायचा माल आहे. ओक्लाहोमाने हे करून पाहिलं. 25 सप्टेंबर 2021 ला नॉर्मनमध्ये, घरच्याच मैदानावर, स्पेन्सर रॅटलर खेळत असताना स्टेडियम ‘आम्हाला केलेब हवा’ म्हणून ओरडत होतं. तो सामनाही ओक्लाहोमा जिंकलंच. पुढच्याच सामन्यांमध्ये लोकांना त्यांचा केलेब विल्यम्स मिळाला. अर्ध्या मोसमासाठी. मग प्रशिक्षक लिंकन रायली कॅलिफोर्नियाला गेले, त्यांच्यामागे केलेबही गेला आणि 2022 चं हाइझमन तिकडे मिळवून बसला. रॅटलर साउथ कॅरोलायनाला गेला आणि त्याच वर्षी त्याने सहा टचडाउन पास मारून टेनेसीला 63-38 ने हरवलं. वर्षभर आधी हातात दोन क्वार्टरबॅक असलेल्या ओक्लाहोमाने तो मोसम सहा जिंकून, सात हरून संपवला.

ओहायो स्टेटची गोष्ट तर याहून बोलकी. 2023 मध्ये काइल मॅकॉर्डने बारापैकी अकरा सामने जिंकून दिले. हरला तो मिशिगनविरुद्ध, 30-24, शेवटच्या मिनिटातल्या इंटरसेप्शनने. डिसेंबर उजाडताच तो पोर्टलमध्ये होता. सिराक्यूजला जाऊन 2024 मध्ये त्याने 4,779 यार्ड फेकले, देशात सर्वांत जास्त. यावर उत्तर येतं की, त्याच्या जागी आलेल्या विल हॉवर्डने विजेतेपद आणलं की! आणलं. पण हॉवर्ड घडला कुठे? कॅन्सस स्टेटमध्ये, चार वर्षं, मध्ये एकदा जागा गमावून, परत मिळवून. दुसऱ्यांनी केलेल्या संयमाचं पीक यांनी कापून नेलं आणि वर सांगतात, संयमाची गरजच नाही. बरं, तोच हॉवर्ड 30 नोव्हेंबर 2024 ला घरच्या मैदानावर मिशिगनकडून 13-10 ने हरला, दोन इंटरसेप्शन देऊन. त्या रात्री कोलंबसमध्ये मतदान घेतलं असतं तर हॉवर्ड उरला असता का? पण तो राहिला, आणि पुढचे चार सामने जिंकून गेला.

आता कोणाला वाटेल की मी आर्चच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवणार. दाखवता येईल. स्टार्कव्हिलमध्ये शेवटच्या चरणात 17 गुणांनी मागे असताना त्याने सामना ओढून आणला. अजिंक्य टेक्सास ए अँड एमला ऑस्टिनमध्ये 27-17 असं पाडलं, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी मिशिगनला 41-27. पण हा माझा मुद्दाच नाही. ‘बघा, निघाला ना चांगला’ हे पुन्हा गर्दीचंच गणित झालं. म्हणजे वाईट निघाला असता तर हुर्यो रास्त ठरली असती? क्लेमसनच्या डी. जे. उयागालेलेईला दोन वर्षं संधी दिली आणि तो अपेक्षेएवढा झाला नाही. असंही होतं. संयम म्हणजे फळाची हमी नव्हे, आणि तशी हमी मी देतही नाही. मी म्हणतो ते एवढंच की शिकणाऱ्या माणसाचं मोजमाप करायला पुरेसे सामने लागतात, आणि तीन सामने पुरेसे नसतात. हे समजायला फुटबॉलचं ज्ञानही लागत नाही.

मग ‘उंच अपेक्षां’चं काय? अपेक्षा उंच असलेल्या माणसाला तपशील दिसतो. तो म्हणतो, उजवीकडे सरकताना याचा खांदा लवकर उघडतो. पुढच्या आठवड्यात तो तेच पाहायला बसतो. हुर्योवाल्याला फक्त स्वतःचा अपेक्षाभंग दिसतो. आपण मराठी माणसांनी याबाबतीत टेक्सासला फार शहाणपण शिकवावं अशीही स्थिती नाही. 2006 साली इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत वानखेडेवर खुद्द सचिन तेंडुलकरची हुर्यो उडवली गेली होती. सचिनची, मुंबईत! त्या लोकांच्या अपेक्षा उंच होत्या म्हणून? की एका दुपारचा कंटाळा कोणावर तरी काढायचा होता म्हणून?

तेव्हा तिकीट तुमचं, घसा तुमचा, हुर्योही खुशाल उडवा. अमेरिकेच्या घटनेने तेवढी सोय करून ठेवली आहे. पण तिला जाणकारी म्हणू नका, निष्ठा म्हणू नका, आणि मानदंड तर मुळीच म्हणू नका. पुढच्या सप्टेंबरमध्ये आर्चचा, किंवा त्याच्यानंतर येणाऱ्या कोणा विशीतल्या पोराचा तिसरा पास जमिनीवर पडेल, तेव्हा तोंड उघडण्याआधी एवढं तरी सांगता आलं पाहिजे की मागचा रक्षक कोणत्या बाजूला सरकला होता आणि डावा टॅकल कुठे उभा होता. ते सांगता येत नसेल, तर चुकलेला पास त्याचा आहे आणि अडाणीपणा तुमचा.